आधी कुणाचा दिवा?

२०१३च्या फेब्रुवारीत बीड जिल्ह्यातल्या परळीचे औष्णिक वीजकेंद्र थांबले. कारण यंत्रांतल्या बिघाडाचे नव्हते, पाण्याचे होते. १९७१ साली ३० मेगावॅटच्या संचाने सुरू झालेले हे केंद्र तोवर हजार मेगावॅटच्या पुढे गेले होते आणि त्याची तहान गोदावरीवरचा खडका बंधारा आणि माजलगाव धरण यांवर भागत होती. त्या वर्षीच्या दुष्काळाने दोन्हीकडे खडखडाट केला. जे थोडे उरले होते ते माणसांच्या पिण्यासाठी राखणे भाग होते. २०१५च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली. ज्या वैद्यनाथाला लोक आरोग्याचे दान मागतात, त्याच्याच गावाने वीज की पाणी या प्रश्नाचे उत्तर दोनदा दिले, आणि दोन्ही वेळा पाणी असेच दिले.

असे उत्तर ऐन वेळी सुचत नाही. ते आधी ठरलेले असावे लागते. पाणी कमी पडले तर आधी कुणाला आणि नंतर कुणाला, हे महाराष्ट्राने राज्याच्या जलनीतीत लिहून ठेवले आहे. पिण्याचे पाणी पहिले, याबद्दल कधी दुमत नव्हते. दुसऱ्या जागेबद्दल मात्र होते. २००३च्या जलनीतीत उद्योग शेतीच्या आधी होता. २०११मध्ये शेती उद्योगाच्या आधी आली. पाऊस तोच, धरणे तीच, बदलला तो क्रम. शासनाचा कागद म्हणून आपण जो वाचायचा कंटाळा करतो, त्यात खरे तर एका समाजाची नीती लिहिलेली असते: कुणाची तहान थांबू शकते आणि कुणाची थांबू शकत नाही.

हाच प्रश्न आता बीड जिल्ह्यातल्या घरांत, जिन्याखालच्या एमसीबीच्या डब्याशी येऊन उभा राहिला आहे. २०२४च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान. पत्र्यांवर आणि स्लॅबवर पॅनेल दिसू लागले. ज्यांना लाईट गेल्यावरही घर चालू राहायला हवे, ते पॅनेलसोबत हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियमची बॅटरी घेतात. काम संपत आले की वायरमन विचारतो, “दादा, बॅटरीवर कोणकोणते पॉइंट घेऊ?”

दादा दोन मिनिटांत सांगून मोकळे होतात. हॉलचा पंखा, टीव्ही, दोन-तीन लाइटी, जमले तर बेडरूमचा एसी.

त्या दोन मिनिटांत एक धर्मनिर्णय झालेला असतो. घरातल्या कुणाची गरज पुरी होणार, कुणाची अंधारात थांबणार, हे तारेच्या तुकड्यांनी कायमचे ठरते. तो निर्णय धर्माचा आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तो वायरिंगच्या भाषेत विचारला जातो.

त्या तारांतच एक नियम आधीपासून लिहिलेला आहे, आणि तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. नेटमीटरवर जोडलेली साधी सौरयंत्रणा महावितरणची लाईन गेली की फार तर दोन सेकंदांत स्वतःहून बंद पडते. वर लखलखीत ऊन, पॅनेल धडधाकट, तरी घरात अंधार. पुष्कळांना हे पहिल्यांदा कळते तेव्हा फसवणूक झाल्यासारखे वाटते. पण यामागे एक माणूस आहे. लाईन गेली म्हणजे कुठेतरी तार तुटली असेल, डीपी जळाली असेल, आणि ती दुरुस्त करायला लाईनमन खांबावर चढला असेल. तारेत वीज नाही असे धरून तो हात घालतो. त्या वेळी आपल्या छतावरची वीज उलटी तारेत गेली, तर त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून इन्व्हर्टर रस्त्यावरच्या विजेचा दाब आणि वारंवारता सतत तपासतो, आणि ती नाहीशी झाली की थांबतो. हायब्रिड इन्व्हर्टरसुद्धा आधी घराला बाहेरच्या तारेपासून तोडतो आणि मगच बॅटरीची वीज आत सोडतो.

म्हणजे बॅकअपच्या यादीतले पहिले नाव घरातल्या कुणाचेच नाही. ते खांबावरच्या अनोळखी माणसाचे आहे. ज्याला आपण कधी पाहणार नाही, ज्याची जात, गाव, नाव आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या जिवासाठी आपल्या घरातला पंखा आधी थांबतो. असा नियम एखाद्या स्मृतिग्रंथात असता तर त्यावर भाष्ये लिहिली गेली असती. तो यंत्राच्या प्रमाणसंहितेत आहे म्हणून त्याचे पुण्य कमी होत नाही. चेंजओव्हर स्विचचे पैसे वाचवण्यासाठी जनरेटरची वीज सॉकेटमधून उलटी घरात सोडणारा माणूस तांत्रिक चूक करतो असे म्हणणे फार सौम्य आहे. तो दुसऱ्याच्या जिवावर आपला उजेड विकत घेतो.

यानंतर घरातली यादी. तिचा हिशेब दोन मापांत होतो. एका वेळी किती भार चालू राहील हे इन्व्हर्टर ठरवतो, तो किलोवॅटमध्ये मोजतात. तो भार किती वेळ चालेल हे बॅटरी ठरवते, ती युनिटमध्ये. लोक बहुधा एकच माप विचारतात आणि दुसऱ्यापाशी अडतात. एक एचपीची पाण्याची मोटार चालू असताना सुमारे एक किलोवॅट घेते, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर तिथेच मान टाकू शकतो. उलट तीन पंखे आणि पाच दिवे इन्व्हर्टरला जाणवतही नाहीत, पण रात्रभरात बॅटरी बरीच रिती करतात.

अंबाजोगाईतले सहा माणसांचे एक घर नमुन्यादाखल घेऊ. ९ वॅटचे पाच एलईडी दिवे चार तास: १८० वॅट-तास. ३० वॅटचे तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दहा तास: ९००. फ्रिज सरासरी ५० वॅट धरला तर दहा तासांत ५००. वायफाय आणि मोबाईलची चार्जिंग मिळून ३००. बेरीज १,८८० वॅट-तास, म्हणजे १.९ युनिट. ५१.२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी कागदावर ५.१ युनिटची असते. ती ८० टक्क्यांपर्यंतच वापरली आणि रूपांतरातली तूट वजा केली, तर हातात सुमारे साडेतीन युनिट येतात. रात्र आरामात निघते आणि दीड युनिट शिल्लक राहतात. जुने ७५ वॅटचे पंखे बदलले नाहीत, तर मात्र पंख्यांचेच सव्वादोन युनिट होतात. गीझर तासभर चालला तर दोन युनिट खातो, म्हणजे साऱ्या घराच्या रात्रीपेक्षा जास्त.

आता त्याच घरात एक आजी आहेत आणि त्यांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो असे समजा. मिनिटाला पाच लिटर देणारे यंत्र साधारण ३५० वॅट घेते. दहा तासांचे साडेतीन युनिट. बॅटरीत जेवढे आहे तेवढे सगळे.

आकड्यांनी इथवर आणून सोडले. पुढे आकडे बोलत नाहीत. एका बाजूला पाच माणसांची झोप, फ्रिजमधले दूध, सकाळी उतरलेले मोबाईल. दुसऱ्या बाजूला एका वृद्ध बाईचा श्वास. पाच विरुद्ध एक असा हिशेब करणारा माणूस घरात क्वचितच सापडेल, आणि ते चांगलेच आहे. पण का करू नये, हे सांगता आले पाहिजे. कारण पाच जणांची गैरसोय एकत्र करून ती एका मरणाइतकी होत नाही. गैरसोयी बेरजेने वाढतात, पण त्यांची जात बदलत नाही. चाळिशी पार केलेल्या पाऱ्यात पंख्याविना रात्र काढणे हा त्रास आहे. श्वास न मिळणे ही त्रासाची मोठी मात्रा नाही, ती वेगळीच गोष्ट आहे.

हा क्रम आपल्याकडे कुणी मांडलाच नव्हता असे नाही. याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात गृहस्थाच्या जेवणाची रांग सांगितली आहे. मुले, माहेरी आलेल्या लेकी, म्हातारी माणसे, गर्भवती, आजारी, मुली यांनी आधी जेवावे. मग अतिथी आणि घरातले नोकर. आणि जे उरेल ते नवरा-बायकोने खावे. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात ‘मिताक्षरा’ लिहिली, आणि मराठवाडा त्या राज्याचाच मुलूख होता. वारसाहक्कासाठी ‘मिताक्षरे’चा आधार घेणारे पुष्कळ झाले, ताटाच्या क्रमासाठी तिच्याकडे वळणारे फार थोडे.

त्या रांगेत तीन गोष्टी लक्ष देऊन पाहण्यासारख्या आहेत. पहिली, घर चालवणारा शेवटी आहे. जो कमावतो, ज्याच्या नावावर मीटर आहे, जो बिल भरतो, त्याच्या वाट्याला उरलेले येते. दुसरी, नोकर यजमानाच्या आधी आहे. तिसरी, शेवटी एकटी बायको नाही. नवरा आणि बायको दोघे आहेत.

तिसरी गोष्ट आपण सोयीने विसरलो. मराठी घरांत सगळ्यांची पाने झाल्यावर तव्यावरच्या शेवटच्या भाकरीवर भागवणारी बहुधा एकटी असते. वायरिंगमध्येही तेच उतरते. वायरमन प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर देणारा पुरुष हॉलमध्ये उभा असतो, म्हणून हॉल बॅकअपवर जातो. ओट्यावरचा दिवा, स्वयंपाकघरातला पंखा, न्हाणीघराचा आणि परसातल्या संडासाचा दिवा यांची नावे निघत नाहीत. पहाटे उठून पोळ्या लाटणाऱ्या बाईला मोबाईलच्या उजेडात काम करावे लागते, आणि बॅटरीवर टीव्ही चालू असतो. ९ वॅटच्या दिव्याचा प्रश्न क्षमतेचा नसतो. तो यादी कुणी केली याचा असतो. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली समाजाचे नियम ठरवण्याची एक कसोटी सुचवली: आपण त्या समाजात कोण म्हणून असू हे ठाऊक नाही असे समजून नियम करावेत. ती कसोटी घराला लावून पाहावी. उद्या सकाळी या घरात सासरा म्हणून उठू, सून म्हणून उठू, दम्याची पोर म्हणून उठू की पायरीखाली झोपणारा गडी म्हणून, हे माहीत नसताना कोणते पॉइंट निवडाल?

इस्लामी धर्मशास्त्रात याच प्रश्नाची फार नेटकी मांडणी आहे. तूसचा गझाली (मृत्यू ११११) आणि ग्रॅनडाचा शातिबी (मृत्यू १३८८) यांनी माणसाच्या हिताचे तीन थर केले. जरूरियात, म्हणजे ज्यांच्याविना जीव, बुद्धी, वंश, धर्म, मालमत्ता टिकत नाही. हाजियात, म्हणजे ज्यांच्याविना जगता येते पण ओढाताणीने. आणि तहसीनियात, म्हणजे ज्यांनी जगण्याला शोभा येते. शातिबीने यावर एक अट घातली: वरच्या थरामुळे पायाच धोक्यात येत असेल, तर वरचा थर सोडावा. पण शोभेला त्यानेही तुच्छ म्हटले नाही. ती पायावर उभी राहावी, पायाऐवजी नव्हे, इतकेच.

घरातल्या तारा याच तीन थरांत सहज बसतात. पहिल्यात कॉन्सन्ट्रेटर, नेब्युलायझर, इन्सुलिन ठेवलेला फ्रिज, प्रत्येक झोपणाऱ्याच्या डोक्यावर एक पंखा, ओट्यावरचा आणि न्हाणीघराचा दिवा, एक मोबाईल. दुसऱ्यात वायफाय, मुलांच्या अभ्यासाचा दिवा, मिक्सर. तिसऱ्यात टीव्ही, एसी, गीझर. एकाच वस्तूचा थर घराप्रमाणे बदलतो. इन्सुलिन नसलेल्या घरात फ्रिज दुसऱ्या थरात येतो आणि काही बिघडत नाही. तिसऱ्या थराला नकार देण्याचीही गरज नाही. त्याची वेळ बदलायची. मोटार, घरगुती गिरणी, वॉशिंग मशीन, इस्त्री ही कामे दुपारी बारा ते तीन उन्हात करावीत, जेव्हा बॅटरी भरलेली असते आणि पॅनेलची वीज हाताशी असते. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे नळाला रोज पाणी येईल याचा भरवसा नाही आणि बोअर कधी दगा देईल सांगता येत नाही, तिथे दुपारी भरलेली छतावरची टाकी रात्रीच्या बॅटरीइतकीच मोलाची आहे.

देवघराचे काय? हा प्रश्न घरोघरी निघतो आणि तो हसण्यावारी नेण्याचा नाही. अर्ध्या वॅटचा एलईडी बारा तास जळला तरी सहा वॅट-तास लागतात. हिशेबात तो कुठे दिसतही नाही. त्यामुळे वीज वाचवण्यासाठी देवाला अंधारात ठेवण्याचा प्रसंग येतच नाही. खरा प्रश्न निराळा आहे. गृहस्थासाठी सांगितलेल्या पाच यज्ञांत देवयज्ञ आहे, तसे मनुष्ययज्ञ आणि भूतयज्ञही आहेत, आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत. देवाचा दिवा लागला म्हणून आजारी माणसाचे देणे फिटत नाही. उलट ज्या घरात दोन्ही एकाच तारेवर आहेत, तिथे पूजेला काही कमी पडले असे कोणताही संत म्हणणार नाही.

या सगळ्यावर एक सोपे उत्तर तयार असते: मोठी बॅटरी घ्या. दहा युनिटची, पंधरा युनिटची. मग रांगच नको. ज्या घरात खरोखर दोन रुग्ण आहेत, तिथे ती घ्यावीच. तिथे कंजुषी हे पाप आहे. पण प्रश्न टाळण्यासाठी घेतलेली बॅटरी प्रश्न टाळत नाही. क्षमता वाढली की पहिल्या उन्हाळ्यात तिच्यावर दीड टनाचा एसी चढतो, आणि लाईट गेल्यावर घर पुन्हा पहिल्याच जागी येते, फक्त जास्त पैसे घालून. बाजारात आधी बॅटरीचा आकार ठरतो आणि मग तिच्यावर काय बसते ते पाहतात. नीती याच्या उलट चालते: आधी क्रम, मग क्षमता.

मोठ्या बॅटरीची किंमत केवळ आपल्या खिशातून जात नाही. तिच्यातल्या लिथियमचा एक मोठा साठा चिलीतल्या अटाकामाच्या पठारावर आहे, आणि तिथे तो जमिनीखालचे खारे पाणी उपसून, उन्हात वाळवून मिळवतात. अटाकामा जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक आहे. तिथल्या पाणवठ्यांवर जगणारे आदिवासी समाज या उपशाबद्दल वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. पाण्यावाचून वीजकेंद्र बंद पडताना पाहिलेल्या जिल्ह्याला हे दुःख परके वाटू नये. गरजेपुरते घेणे हा अपरिग्रह फार जुना आहे. त्याला आता नकाशावर दूरचा पत्ता मिळाला आहे.

क्रम कोणत्या तत्त्वावर लावायचा, यालाही मराठवाड्याचा स्वतःचा अनुभव आहे. २००५नंतरच्या काही वर्षांत राज्यात विजेचा मोठा तुटवडा होता आणि भारनियमन रोजचे झाले होते. महावितरणने फिडरचे ‘ए’पासून ‘जी’पर्यंत गट पाडले. जिथे गळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधारही जास्त. यामागे एक नैतिक सिद्धांत होता: ज्याने भरले त्याला मिळावे. तो टाकाऊ नाही. फुकट वापरणाऱ्याचा भार इतरांनी का सोसायचा, हा प्रश्न खरा आहे. पण शिक्षा माणसाला होत नव्हती, फिडरला होत होती. वेळेवर बिल भरणारी विधवा आणि आकडा टाकणारा शेजारी एकाच डीपीवर असतील, तर दोघांच्या वाट्याला सारखाच अंधार येई. आणि त्या बाईच्या घरी नेब्युलायझर आहे का, हे विचारायला त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

घरातही हाच सिद्धांत शिरतो. “बिल मी भरतो” हे वाक्य उच्चारले गेले की आजीच्या खोलीतला पंखा वादाचा विषय होतो. योग्यतेने वाटायच्या गोष्टी असतात, बक्षिसे, बढत्या, पगार. श्वास, पाणी, झोप या गरजेने वाटायच्या. दोन मापे एकमेकांत मिसळली की घर बाजार होते.

क्रम आधी ठरवला नाही तर काय होते, याचे एक भयंकर उदाहरण अमेरिकेत आहे. २००५च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली गेले. तिथल्या मेमोरियल मेडिकल सेंटरमध्ये जनरेटर होते, पण वातानुकूलन त्यांच्यावर घेतलेले नव्हते; इमारत तापत गेली. मग वादळानंतरच्या दुसऱ्या रात्री जनरेटरही बंद पडले. रुग्णांना आधी कुणी आणि नंतर कुणी न्यायचे, हा क्रम डॉक्टरांनी थकलेल्या अवस्थेत तिथल्या तिथे लावला. ज्यांनी ‘हृदय थांबल्यास पुन्हा सुरू करू नये’ असे लिहून दिले होते, ते रुग्ण शेवटी ठेवले गेले. ती संमती एका वेगळ्या प्रसंगासाठी होती. सुटकेच्या रांगेत मागे उभे राहण्यासाठी त्यांनी ती दिलेली नव्हती. पुढे त्या इमारतीतून ४५ मृतदेह काढले गेले. ते डॉक्टर दुष्ट नव्हते. पण अंधारात, घामात, भीतीत माणूस जवळ दिसणाऱ्या निशाणीला धरून क्रम लावतो, आणि ती निशाणी चुकीची असू शकते. क्रम उजेडात, शांत डोक्याने ठरवण्याचे हेच कारण आहे. त्याचा आणखी एक लाभ आहे. आजीचे यंत्र कायमच्या तारेवर असेल तर दर वेळी लाईट गेल्यावर आजीला सुनेकडे विनवणी करावी लागत नाही. ज्याला गरज आहे त्याला याचक व्हावे लागू नये, हा दानधर्माचा सर्वांत नाजूक भाग वायरमन अर्ध्या तासात साधून देतो.

मग शेजारी? भागवताच्या नवव्या स्कंधात रंतिदेवाची कथा आहे. अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपासानंतर मिळालेले अन्न त्याने दारी आलेल्यांना देऊन टाकले, आणि शेवटी उरलेले पाणीही तहानलेल्या चांडाळाला दिले. कथा ऐकताना मन भरून येते. पण रंतिदेवाजवळ त्याचे उपाशी कुटुंबही होते, आणि त्या पाण्यात त्यांचाही वाटा होता. आपला वाटा माणसाने हवा तेवढा द्यावा. दुसऱ्याचा, विशेषतः दुबळ्याचा वाटा आपल्या उदारपणात घालण्याचा अधिकार त्याला नाही. म्हणून आजीचे साडेतीन युनिट शेजाऱ्याला देता येत नाहीत. दादांच्या टीव्हीचे देता येतात.

आणि तेवढ्याने पुष्कळ होते. मोबाईलची एक पूर्ण चार्जिंग वीस-बावीस वॅट-तासांत होते. वादळात डीपी जळून गल्ली दोन दिवस अंधारात असेल, तर वीस घरांचे मोबाईल अर्ध्या युनिटच्या आत चालू राहतात. बीडजवळच्या कपिलधारेला मन्मथस्वामींची समाधी आहे. ज्या वीरशैव परंपरेत त्यांनी ‘परमरहस्य’ लिहिले, तिने बसवेश्वरांच्या काळापासून कायक आणि दासोह ही जोडी सांगितली: कष्टाने मिळवावे, आणि मिळवलेले समाजाचे म्हणून परत करावे. दासोहात देणारा उपकार करीत नसतो. घराच्या भिंतीवर बाहेरच्या बाजूने दिलेला एक सॉकेट, बॅकअपच्या तारेवर आणि स्वतंत्र एमसीबीवर, हा आजच्या घराचा दासोह होऊ शकतो.

या जिल्ह्यात अशी हजारो घरे आहेत जिथे बॅटरीचा विचारच पोचलेला नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको कोयत्यावर जातात, आणि मागे म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे उरतात. फडाजवळच्या कोपीत बहुधा वीज नसते, आणि गावातल्या घरी एक दिवा, एक पंखा. तिथे पहिला थरच पुरा झालेला नाही. एका घराचा गीझर तासाभरात जेवढी वीज खातो, तेवढ्यात ९ वॅटचा एक दिवा आणि ३० वॅटचा एक पंखा पन्नास तास चालतात. हे वाचून कुणी गीझर फोडावा असे नाही. पण आपल्या यादीतला तिसरा थर कुणाच्या पहिल्या थराशेजारी उभा आहे, हे दिसत राहायला हवे.

शेवटी काम वायरमनच्या हातात जाते, म्हणून त्याच्याशी नीट बोलावे. बॅकअपच्या तारांना स्वतःचा न्यूट्रल हवा. शेजारच्या खोलीतून न्यूट्रल उसना घेण्याची सवय जुन्या वायरिंगमध्ये असते, आणि तिच्यामुळे गळती-संरक्षक स्विच उगाच पडतो किंवा बंद समजलेल्या तारेतून धक्का बसतो. पहिल्या थराला एक एमसीबी, दुसऱ्याला दुसरा, म्हणजे बॅटरी उतरू लागली की एका बोटाने दुसरा थर बंद करता येतो आणि पहिल्याला हात लागत नाही. घरातल्या सगळ्यांनी बसून केलेली यादी डब्याच्या दाराच्या आतून चिकटवावी.

मग एप्रिलमधली एक रात्र निवडावी, घरात सगळे असताना. रात्री आठला मेन स्विच खाली करावा आणि सकाळी सहालाच वर करावा. कॉन्सन्ट्रेटर लागणारे माणूस घरात असेल तर सिलिंडर भरून जवळ ठेवावा आणि कुणीतरी जागे राहावे. सकाळी बॅटरीत किती टक्के उरले ते पाहावे, आणि मग बोलायला बसावे. ज्याला सर्वांत कमी झोप लागली त्याने आधी बोलावे. ज्याच्या नावावर मीटर आहे त्याने शेवटी. यादीत जे खोडायचे ते खोडून, जे घालायचे ते घालून वायरमनला परत बोलवावे, आणि बॅकअपच्या डब्यात दोन जागा मोकळ्या सोडायला सांगावे: एक घरात पुढे येणाऱ्या बाळंतपणासाठी किंवा आजारपणासाठी, आणि बाहेरचा सॉकेट अजून झाला नसेल तर दुसरी त्याच्यासाठी.